अकॅडियातील मोटाररहित बग्गीरस्ते: वडील आणि मुलगी यांना घेऊन सायकलने जावे का?

प्रश्न: तांबडीवाट

नमस्कार. आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, मुलीची शाळा सुरू होण्यापूर्वी, मेन राज्यातील अकॅडिया राष्ट्रीय उद्यानात चार दिवस घालवावेत असे मनात आहे. गणपती यंदा सप्टेंबरच्या मध्यावर आहेत आणि वडील त्यापूर्वी साताऱ्याला परतणार आहेत, त्यामुळे तारखा पुढे ढकलणे शक्य नाही.

उद्यानात सुमारे 45 मैल (72 किलोमीटर) लांबीचे खडीचे जुने बग्गीरस्ते आहेत आणि त्यांवर मोटारींना प्रवेशच नाही, असे वाचले. मी गेली तीन वर्षे ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडीच्या रस्त्यांसाठीची सायकल, चालवतो. आमच्या भागात मात्र खडीच्या रस्त्यावर पोहोचण्यापूर्वी आठ-दहा मैल मोटारींच्या कडेने जावे लागते, आणि परत येताना तेच पुन्हा. त्यामुळे मागून येणाऱ्या गाडीच्या आवाजाकडे एक कान न ठेवता दिवसभर सायकल चालवता येईल, या कल्पनेचेच मला विशेष आकर्षण आहे.

अडचण अशी की आम्ही चौघे चार प्रकारचे आहोत. मी 60-70 किलोमीटर सहज जातो. पत्नी हायब्रिड सायकलवर 20-25 किलोमीटर जाते, पण सुट्या खडीवरचा उतार तिला नको वाटतो. मुलगी दहा वर्षांची असून तिच्या सायकलला सहा गिअर आहेत. वडील 69 वर्षांचे आहेत. त्यांनी नोकरीची तीस वर्षे पोवई नाक्यावरून घोडा सायकलने ये-जा केली, त्यामुळे तोल उत्तम आहे. परंतु गुडघ्यांमुळे चढ त्यांना झेपणार नाही. त्यांच्यासाठी विजेची सायकल भाड्याने घ्यावी असा विचार आहे. तशी सायकल या रस्त्यांवर चालते का? चौघांना एकत्र जाता येईल असा मार्ग कोणता, मला एकट्याला एक सकाळ मिळाली तर कोठे जावे, आणि मोटार कोठे लावावी, हे जाणकारांनी सांगितल्यास आभारी राहीन.

उत्तर 1: चार्ल्सकाठचा

बोस्टनहून उद्यानालगतचे बार हार्बर हे गाव पाच तासांच्या अंतरावर असल्यामुळे आम्ही जवळजवळ दर वर्षी तेथे जातो. तुम्हाला आठ-नऊ तास लागतील, तेव्हा वाटेत मुक्काम करणे बरे.

प्रथम विजेच्या सायकलविषयी. बग्गीरस्त्यांवर केवळ पहिल्या वर्गाची विजेची सायकल चालते. पायडल मारले तरच तिची मोटार साथ देते आणि ताशी 20 मैलांचा वेग गाठला की ती साथ थांबते. मुठीशी खटका असलेली, म्हणजे पायडल न मारता स्कूटरसारखी पळणारी सायकल तेथे चालत नाही, आणि 28 मैलांपर्यंत साथ देणारीही नाही. भाड्याने घेताना “विजेची सायकल हवी” एवढेच सांगू नये. वर्ग विचारावा आणि सांगाड्यावरची चिकटपट्टी स्वतः वाचावी. एका दुकानाने आमच्या मित्राला खटक्याची सायकल दिली होती. रस्त्याच्या तोंडाशी असलेली पाटी वाचून तो परत फिरला आणि त्याची अर्धी सकाळ गेली.

चौघांसाठी ईगल लेकभोवतीचा फेरा घ्यावा. तो साधारण सहा मैलांचा, म्हणजे दहा किलोमीटरच्या आसपास आहे. पूर्वेकडची वाट बराच वेळ पाण्याच्या काठाकाठाने जाते. नैर्ऋत्येकडे एक लांब चढ आहे. तो तीव्र नाही, पण लांब आहे, आणि मुलीने तेथे दोनदा थांबायचे म्हटले तर थांबावे. तलावात पोहण्याचा मोह होईल, पण तेथे मनाई आहे, कारण बार हार्बर गावाचे पिण्याचे पाणी त्याच तलावातून जाते. जॉर्डन पाँडमध्येही पोहता येत नाही. मुलीला पोहायचेच असेल तर उद्यान ज्या बेटावर आहे त्याच्या पश्चिम भागातील एको लेकवर न्यावे.

तुमच्या एकट्याच्या सकाळीसाठी ‘अराउंड द माउंटन’ हा सुमारे 11 मैलांचा फेरा आहे. सार्जंट आणि पार्कमन या डोंगरांच्या अंगाखांद्यावरून तो जातो. चढ दीर्घ आहे, मात्र एकसारखा असल्यामुळे एकदा गिअर लावला की दम टिकतो. वर पोहोचल्यावर झाडी विरळ होते आणि पश्चिमेकडे समुद्राचा फाटा व बेटे दिसू लागतात. पुढे हॅडलॉक ओढ्याचा धबधबा थेट पुलाशी कोसळतो. ऑगस्टअखेर त्याला पाणी बेताचेच असते. वसंतात गेल्यास तो खरा धबधबा. त्यानंतर जॉर्डन पाँडच्या वरून जाताना एका ठिकाणी मोठमोठ्या दगडांची घसरण रस्ता ओलांडून खाली पाण्यापर्यंत गेलेली दिसते. तेथे सायकल कडेला लावून पाच मिनिटे नुसते उभे राहावे. ईगल लेकच्या उत्तर टोकापासून निघून हा फेरा केल्यास एकूण अंतर तुमच्या सवयीच्या जवळपास येत नाही. तो संपवून पुन्हा ईगल लेक करावा, तेव्हा कोठे पाय मोकळे होतील.

मोटार लावण्याबाबत: सकाळी आठच्या आत पोहोचणे हाच उपाय आहे. जॉर्डन पाँडचा वाहनतळ ऑगस्टात नऊ-साडेनऊला भरलेला मी स्वतः पाहिला आहे. अडचण नको असेल तर हल्स कोव्हच्या अभ्यागत केंद्रावर मोटार लावावी. जागा मोठी आहे आणि तेथूनच एक जोडरस्ता वर बग्गीरस्त्याला मिळतो.

उत्तर 2: मीठवारा

चार्ल्सकाठचा यांचे बाकी सर्व म्हणणे मान्य आहे, पण हल्स कोव्हहून सुरुवात करण्याचा सल्ला या कुटुंबाने कृपा करून मानू नये. मी मेनमध्येच राहते आणि माझी बहीण व भाचा आले असता हीच चूक केली होती. तो जोडरस्ता सुमारे अर्ध्या मैलाचा आहे खरा, पण बग्गीरस्त्यांचे जे वैशिष्ट्य, म्हणजे सौम्य चढ, ते त्याला लागू नाही. तो बराच खडा आहे. नऊ वर्षांच्या भाच्याने पहिल्या दहा मिनिटांत सायकलवरून उतरून ती ढकलली, घामाघूम झाला आणि “असेच पुढेही आहे का?” असे विचारून रडकुंडीला आला. पुढचा विच होल पाँडचा फेरा त्या मानाने अगदी सपाट होता, पण तोपर्यंत त्याचे मन उडाले होते. परत येताना तोच उतार ब्रेक दाबून उतरणे बहिणीला आणखी कठीण गेले. आपल्या पत्नीस सुट्या खडीचा उतार नको वाटतो असे आपण लिहिले आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

त्याऐवजी बार हार्बरमध्ये मुक्काम करून मोटार तेथेच ठेवावी. 1999पासून बेटावर उन्हाळ्यात ‘आयलंड एक्स्प्लोरर’ नावाची विनामूल्य बससेवा चालते. गावातल्या हिरवळीजवळून ईगल लेककडे सायकली नेणारी वेगळी फेरीही असते. तिचे त्या वर्षीचे वेळापत्रक निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. साध्या बसच्या पुढच्या रॅकवर थोड्याच सायकली मावतात, त्यामुळे चौघे एका वेळी चढाल असे गृहीत धरू नये. आम्ही दोन खेपांत गेलो होतो. आधी पोहोचलेल्यांनी तळ्याकाठी थर्मासमधला चहा संपवला होता, एवढीच तक्रार.

विच होल पाँडकडे मात्र अवश्य जावे, केवळ डक ब्रुकच्या बाजूने जावे. तेथे 1929मध्ये बांधलेला तीन कमानींचा दगडी पूल आहे. पुलावरून सायकल नेताना त्याची उंची कळत नाही. सायकली वर ठेवून कडेच्या पायवाटेने खाली ओढ्यापर्यंत उतरले म्हणजे कळते. त्या परिसरात बर्च आणि अ‍ॅस्पेन अधिक दिसतील, कारण 1947च्या ऑक्टोबरात लागलेल्या वणव्याने बेटाचा 17,000 एकरांहून अधिक भाग जाळला आणि जुन्या सूचिपर्णी वनाच्या जागी ही पानगळीची झाडे उगवली. वडिलांना झाडांची आवड असेल तर ईगल लेकच्या पलीकडची गर्द, काळोखी स्प्रूसची झाडी आणि हा उजेडाचा भाग यांतील फरक त्यांच्या लगेच लक्षात येईल.

आणखी दोन सूचना. गवतात बसल्यावर घोट्यांजवळ आणि गुडघ्यांमागे गोचीड पाहावी; मेनमध्ये तिच्यामुळे लाइम रोग होतो आणि तो हलक्यात घेण्याजोगा नाही. दुसरी गोष्ट म्हणजे भाड्याच्या सायकलचे ब्रेक दुकानाच्या दारातच दाबून पाहावेत. मला एकदा मागच्या ब्रेकचे रबर पार झिजलेली सायकल मिळाली होती आणि ते मला डे माउंटनच्या उतारावर कळले.

उत्तर 3: खडीमुरूम

मी सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो असून दोन वर्षांपूर्वी मुलाकडे न्यू हॅम्पशायरला आलो असता हे रस्ते पाहिले. सायकल मी चालवली नाही. चार दिवस पायी फिरलो आणि बहुतेक वेळ खाली वाकून पाहत होतो, त्यामुळे सुनबाईने “बाबांना डोंगर दाखवायला आणले आणि ते गटारे पाहत आहेत” अशी तक्रार केली. मार्गांविषयी इतरांनी सांगितलेच आहे. तो रस्ता कसा बांधला आहे हे मी सांगतो, कारण त्यावर सायकल कशी चालवावी हेही त्यातूनच ठरते.

जॉन डी. रॉकफेलर कनिष्ठ यांनी हे रस्ते 1913 ते 1940 या काळात स्वतःच्या खर्चाने बांधून घेतले. एकूण लांबी सुमारे 57 मैल होती आणि त्यांतील 45 मैल आज उद्यानात आहेत. त्यांना घोड्यांची बग्गी हाकण्याची आवड होती आणि बेटावर मोटारींना असलेली बंदी त्याच दशकात उठली, म्हणून डोंगराच्या पोटात केवळ घोडे, बग्ग्या आणि पायी चालणारे यांच्यासाठी जाळे असावे असे त्यांनी ठरवले. ज्या घराण्याची संपत्ती स्टँडर्ड ऑइलच्या तेलातून उभी राहिली, त्याच घराण्यातल्या माणसाने मोटारींना मज्जाव असलेले रस्ते बांधावेत, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो. पुढे उद्यानाचा मोटाररस्ता व्हावा म्हणूनही त्यांनी पैसा दिला, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल.

रस्त्याची रुंदी 16 फूट आहे. त्याखाली फोडलेल्या दगडाचे तीन थर आहेत: तळाशी मोठा, मध्ये त्याहून लहान आणि वर बारीक. आपल्याकडच्या भाषेत बोलायचे तर खाली सोलिंग, त्यावर खडीकरण आणि वर मुरमासारख्या बारीक मालाने दबाई. डांबर रूढ होण्यापूर्वी आपले सर्व चांगले रस्ते याच कुळातले होते. जो विशेष मला जागीच थांबवून गेला तो मधल्या उंचवट्याचा. रस्त्याचा मध्य कडांपेक्षा सहा ते आठ इंच उंच ठेवलेला आहे. मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर आठ फूट, म्हणजे 96 इंच. यावरून आडवा उतार सहा ते आठ टक्क्यांच्या घरात येतो. आम्ही खडीच्या रस्त्याला अडीच-तीन टक्के देत असू, आणि तेवढा मिळाला तरी समाधान मानत असू. त्या बेटावर पाऊस, बर्फ आणि बर्फ वितळल्याचे पाणी असे तिन्ही असल्यामुळे पाण्याला रस्त्यावर क्षणभरही रेंगाळू द्यायचे नाही, असा हा हिशेब आहे. पाणी कडेच्या रुंद गटारात जाते, गटारातून रस्त्याखालच्या दगडी मोरीत आणि मोरीतून डोंगराखाली. मोऱ्यांची तोंडे घडीव दगडांनी इतकी नीट बांधलेली आहेत की एकेक पाहत राहावे. आपल्या घाटात दर पावसाळ्यात रस्ता तुटतो तो बहुधा पावसामुळे नाही, तुंबलेल्या मोरीमुळे तुटतो, हे मी चौतीस वर्षे सांगत आलो.

सायकलस्वाराने यातून काय घ्यावे? वाट मोकळी असेल तेव्हा मध्याच्या जवळून जावे, कारण तेथे पृष्ठभाग सपाट आणि घट्ट असतो. कडेला गेल्यास सायकल गटाराकडे कलते आणि घरंगळलेली सुटी खडीही तेथेच साचलेली असते. समोरून कोणी आल्यावर उजवीकडे सरकताना वेग आधी कमी करावा आणि मग सरकावे. सरकता सरकता ब्रेक दाबू नये. आपल्या कन्येला हे घरी एकदा समजावून सांगावे.

कडेला ओळीने उभे केलेले ग्रॅनाइटचे ओबडधोबड दगड दिसतील. लोक त्यांना ‘रॉकफेलरचे दात’ म्हणतात. आपल्या घाटातील कठड्यांच्या पांढऱ्या दगडांचेच ते भाऊबंद आहेत, मात्र त्यांना चुना फासलेला नाही. पूल एकूण 17 असून त्यांतील 16 रॉकफेलर यांच्या पैशांतून झाले. 1917चा पहिला पूल ओढ्यातल्या गोल गोट्यांनी मढवलेला आहे. पुढच्या पुलांना घडीव दगड वापरला. बाहेरून दगडी दिसत असले तरी बहुतेकांच्या आत लोखंडी सळयांचे काँक्रीट आहे. हे कळल्यावर माझ्या मुलाचा हिरमोड झाला. मला त्यात काही गैर वाटत नाही. भार काँक्रीटने पेलावा आणि डोळ्यांना डोंगराचाच दगड दिसावा, यात फसवणूक कसली?

देखभालीवाचून हे सर्व टिकले नसते, आणि एका काळात टिकलेही नव्हते. वरचा थर धुऊन गेला, कडांना झाडी वाढली, गटारे बुजली. 1992 ते 1995 या काळात सरकारी निधी आणि ‘फ्रेंड्स ऑफ अकॅडिया’ या 1986मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची जोड यांतून मोठी दुरुस्ती झाली. आजही पानगळीनंतर स्वयंसेवक गटारांतील आणि मोऱ्यांतील पाला काढतात. वसंतात बर्फ वितळून रस्ता मऊ होतो तेव्हा तो सायकलींसाठीच काय, पायी चालणाऱ्यांसाठीही बंद ठेवतात. आमच्याकडे अशा वेळी उसाचा ट्रक अडवण्याची कोणाची छाती झाली असती?

उत्तर 4: लांबपल्ला

थोडा विरोधी सूर लावतो, त्याबद्दल राग नसावा. ग्रॅव्हल सायकल चालवणाऱ्या माणसाला अकॅडियाचा पृष्ठभाग फार सभ्य वाटेल. 40 मिलिमीटरचे खोबणीदार टायर तेथे लागत नाहीत; 32-35चे साधे टायर पुरेसे आहेत आणि अरुंद डांबरी रस्त्याचे टायर तेवढे टाळावेत. सगळे 45 मैल एका दिवसात संपतात. पायवाटांवर सायकलींना बंदी आहे, त्यामुळे रस्ता सोडून जाण्याचाही प्रश्न नाही.

खडीवरची खरी दूरची सफर हवी असेल तर अलास्कातील डेनाली उद्यानाचा रस्ता पाहावा. तो सुमारे 92 मैलांचा आहे. पहिले 15 मैल डांबरी असून एरवी खाजगी मोटारी तेथपर्यंतच जातात. पुढे खडी, उद्यानाच्या बसगाड्या आणि सायकली. 2021च्या ऑगस्टात प्रीटी रॉक्स येथील भूस्खलनामुळे 43व्या मैलापलीकडची वाहतूक थांबवावी लागली. पण अलीकडचा भागही जन्मभर लक्षात राहील असा आहे. अस्वलापासून 300 यार्ड दूर राहण्याचा नियम तेथे आहे आणि अस्वले खरोखरच असतात. दहा वर्षांची मुलगी आणि 69 वर्षांचे वडील यांना घेऊन तेथे जावे असे मी म्हणणार नाही. ते तुमचे स्वतःचे पुढचे स्वप्न म्हणून लिहून ठेवावे.

उत्तर 5: मीठवारा

लांबपल्ला यांनी ‘सभ्य’ हा शब्द दोष म्हणून वापरला, मला तो गुण वाटतो. तेथे जो मोटारींपासून मोकळा आहे तो रस्ता रिकामा मात्र नाही. ऑगस्टात दुपारी या रस्त्यांवर आजी-आजोबा, बाबागाड्या, दोरीला बांधलेली कुत्री आणि वाइल्डवुड तबेल्याच्या घोडागाड्या असे सर्व भेटते. वेगाने जाण्याची हौस असलेल्याने सकाळी सातला निघावे, नाहीतर हौस घरी ठेवावी. मोटारवाल्यांनी आपल्याशी जसे वागू नये असे आपण न्यू जर्सीत म्हणतो, तसे आपणच येथे पायी चालणाऱ्यांशी वागताना मी अनेकदा पाहिले आहे.

एक महत्त्वाची सूचना राहिली. जॉर्डन पाँडच्या दक्षिणेस काही बग्गीरस्ते उद्यानाच्या हद्दीबाहेर, एका खाजगी विश्वस्त संस्थेच्या जमिनीत जातात. तेथे पायी जाण्यास हरकत नाही, परंतु सायकलींना मनाई आहे. फाट्यावर पाटी असते, ती ओलांडू नये. प्रत्येक नाक्यावर लाकडी खांबावर क्रमांक असतो आणि तोच नकाशावर असतो. नकाशा कागदी घ्यावा, कारण डोंगराआड गेल्यावर फोनला संपर्क मिळेलच असे नाही.

तांबडीवाट

सर्वांचे मनापासून आभार. विशेषतः खडीमुरूम काकांचे उत्तर वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले. मोऱ्यांच्या परिच्छेदाला ते दोनदा “बरोबर आहे” म्हणाले आणि मग माथेरानच्या तांबड्या वाटांवर मोटार नसल्याने कशी शांतता असते, यावर त्यांनी अर्धा तास सांगितले. प्रवासाचा आराखडा आता असा झाला आहे: पहिला दिवस डक ब्रुक आणि विच होल, दुसरा दिवस बसने ईगल लेक, तिसऱ्या दिवशी पहाटे मी एकटा डोंगराचा फेरा करीन आणि बाकीचे तिघे बसने जॉर्डन पाँडला येतील. तेथील उपाहारगृहात पॉपओव्हर नावाचा फुगलेला, आतून पोकळ पाव चहाबरोबर मिळतो असे ऐकले. तो शाकाहारी माणसाला चालतो का? चौथा दिवस पावसासाठी राखून ठेवला आहे.

आणखी दोन शंका आहेत. प्रवेशशुल्काचे नेमके काय? आणि वडील विचारतात की तेथे सायकलला घंटी लागते का.

चार्ल्सकाठचा

पॉपओव्हरमध्ये अंडी असतात. अंडे चालत नसेल तर नुसता चहा आणि जाम. मोटारीचे शुल्क सात दिवसांसाठी 35 डॉलर आहे. परंतु 2026पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या 16 वर्षे व त्याहून अधिक वयाच्या पाहुण्यांना अकॅडियासह 11 उद्यानांत माणशी 100 डॉलर अधिक द्यावे लागतात. वडील भारतातून आले आहेत, त्यामुळे हा खर्च धरून ठेवावा आणि निघण्यापूर्वी उद्यानाच्या संकेतस्थळावर नियम पुन्हा वाचावा. कॅडिलॅक डोंगराच्या माथ्यावर मोटारीने जायचे असेल तर मेअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत वेगळे आरक्षण लागते; 1,530 फुटांचा तो डोंगर पाहण्याजोगा आहे, मात्र तेथील रस्ता डांबरी आणि मोटारींचा आहे. तेथे मुलीला सायकलवर नेऊ नये.

मीठवारा

घंटी अवश्य लावावी, आणि घोडा सायकलची जुनी ठणठणीत घंटी वडिलांकडे असेल तर तीच आणावी. मागून येताना लांबूनच एकदा वाजवावी आणि वेग कमी करावा. घोडे दिसल्यावर मात्र घंटी वाजवू नये, ते बुजतात. सायकल थांबवून हाकणाऱ्याला ऐकू जाईल असे साध्या आवाजात बोलावे, तो खूण करील तेव्हा सावकाश पुढे जावे, आणि खूण न केल्यास बग्गी जाईपर्यंत कडेला उभे राहावे.

खडीमुरूम

पाऊस राखून ठेवलेल्या दिवशी आलाच, तर तो थांबल्यावर तासाभराने वडिलांना कोणत्याही एका मोरीच्या खालच्या तोंडाशी घेऊन जावे. रस्ता कोरडा होत आलेला असेल आणि मोरी वाहत असेल. छायाचित्र काढल्यास येथे चढवावे. मला माझ्या जुन्या सहकाऱ्यांना पाठवायचे आहे.